“शिकवलं की पळतात” म्हणणाऱ्या पुण्यातल्या शेठ मंडळींना एक खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मार्केटयार्डातले गूळ-भुसारवाले अडते, लक्ष्मी रोडचे कापडवाले, रविवार पेठ-भवानी पेठेतले जुने पेढीवाले, आणि आता वडलांच्या गादीवर लॅपटॉप उघडून बसलेली तुमची पोरं-पोरी, सगळ्यांना मिळून हे पत्र. मी मालक नाही, दिवाणजी. आयुष्य किर्द-खतावणीत गेलं, शेवटची काही वर्षं टॅलीत आणि जीएसटीत गेली, आता रिटायर आहे, त्यामुळे रिकामा माणूस बोलतोय असं समजायचं तर समजा, पण पूर्ण वाचा.

विषय डेव्हिड ससून, ज्यांच्या नावाचं आपलं ससून हॉस्पिटल. पुण्यात “ससूनला नेलंय” म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही, इतकं ते नाव आपल्या तोंडात बसलंय, पण त्या नावाचा एक जिताजागता व्यापारी होता, तुमच्यासारखाच पेढीवाला, पोरांना धंद्यात घालणारा, वह्या स्वतः तपासणारा, हे कुणाच्या गावी नाही. एका तरुण शेठना विचारलं तर म्हणाले इंग्रज गव्हर्नर असेल. अहो गव्हर्नर कसला, बगदादचा ज्यू. इंग्रजी धड येतही नव्हतं त्यांना. १८५३ साली ब्रिटिश प्रजाजन झाले तेव्हा कागदावर सही केली ती हिब्रूत. अरबी, हिब्रू, फारसी, तुर्की येत होती, इथे आल्यावर हिंदुस्थानी शिकले, आणि शेवटपर्यंत डोक्याला पागोटं आणि अंगात बगदादी झगा. मुलं पुढे कोट-टाय घालायला लागली पण म्हाताऱ्याने ड्रेस बदलला नाही.

थोडक्यात सांगतो. १७९२ चा जन्म. वडील सालेह ससून हे बगदादच्या पाशांचे, म्हणजे तिथल्या तुर्की सुभेदारांचे, खजिनदार, तिथल्या ज्यू समाजाचे प्रमुख. म्हणजे खानदानी घर. पण दाऊद पाशाच्या काळात ज्यूंचा छळ सुरू झाला, पैसे उकळणं, धरपकड, आणि या घराला रातोरात गाव सोडावं लागलं, आधी बसरा, मग इराणच्या किनाऱ्यावरचं बुशहर. तिथे वडील वारले. १८३२ च्या सुमाराला बायकापोरं घेऊन डेव्हिडशेठ मुंबईत उतरले तेव्हा वय चाळीस. आपल्याकडे चाळिशीत माणूस म्हणतो आता काय नवीन करणार. यांनी फोर्टात छोटी पेढी टाकली, इंग्लंडचं कापड इराणी आखातात आणि तिकडचा माल इकडे, असं सुरू केलं, आणि पुढच्या तीस वर्षांत मुंबईपासून कॅंटन, हाँगकाँग, शांघाय आणि लंडनपर्यंत पेढ्या उभ्या केल्या.

हे कसं केलं ते तुमच्या कामाचं आहे म्हणून जरा थांबतो. मुलं आठ. दोन पहिल्या बायकोची, अब्दुल्ला आणि इलियास, सहा दुसरीची. आणि यातल्या एकालाही सरळ गादीवर बसवलं नाही. १८४४ ला इलियासला चीनला पाठवला, त्या काळचा चीन म्हणजे महिनोन्महिने जहाजातून जायचं आणि तिकडे ना घरचं माणूस ना घरचं जेवण, मग तो परत आला की दुसरा भाऊ, मग तिसरा. मालाची पारख कर, गोदामात उभा राहा, तिकडच्या दलालाशी बोल, आणि सगळ्याचा रिपोर्ट बापाला पत्रातून दे. पत्रं बगदादी अरबीत पण लिपी हिब्रू, म्हणजे वाटेत कुणी फोडलं तरी वाचता येणार नाही. पासवर्डच म्हणा ना. आपल्याकडे मुलगा एमबीए करून आला की पहिल्या दिवशी एसी केबिन, आणि हमालाला नावाने ओळखत नाही तो हमालीचे रेट ठरवायला बसतो. असो. तो तुमचा घरचा मामला.

मुख्य गोष्ट स्टाफची. धंदा वाढला तशी विश्वासाची माणसं लागायला लागली आणि ससूनशेठनी काय केलं, तर बगदाद आणि आसपासच्या शहरांतून गरीब ज्यू घरातली माणसं मुंबईत बोलावून घेतली, त्यांच्या राहण्याची सोय केली, आणि पोरांसाठी शाळा काढली. शाळेत हिब्रू-अरबी होतीच, पण इंग्रजी, इथली भाषा, हिशोब, म्हणजे पेढीवर लागणारं सगळं. पोरगं तयार झालं की पेढीत कारकून, तिथे चमकलं की चीनला. आजारी पडलं तर दवाखाना त्यांचाच, मेलं तर दफनाची जागाही त्यांनीच बघितलेली. यात स्वार्थ होता का, होताच. पण स्वार्थ असला म्हणून काय झालं, पोरं तर शिकली ना.

आता तुमचं आवडतं वाक्य घेतो. “दिवाणजी, यांना शिकवलं की पळतात.” चाळीस-पन्नास दुकानांत मी हे ऐकलं असेल. एका पेढीवर, नाव घेत नाही, एक पोऱ्या होता, शिरूरकडचा. चहा आणायचा, सुतळी कापायचा, गाडी आली की पोती मोजायचा, पोती मोजताना त्याचा हिशोब माझ्याआधी व्हायचा, तोंडी, कागद नाही पेन नाही. मी दुपारच्या वेळात त्याला रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, दाखवायला लागलो तर मालकांनी मला आत बोलावून सांगितलं, त्याला वहीला हात लावू देऊ नका, उद्या समोर गाळा टाकेल. पोरगं बारा-तेरा वर्षं सुतळीच कापत राहिलं. पळालं नाही. पण त्याने पेढीचा काय फायदा झाला ते मला अजून कळलेलं नाही.

ससूनांकडून पळाले का लोक? पळाले की! आणि असे पळाले की बघत राहावं. सायलस हार्डून नावाचा बगदादहून आलेल्या गरीब घरातला मुलगा, मुंबईत ससूनांच्या धर्मादाय शाळेत शिकला, मग शांघायला ससून कंपनीत अगदी खालच्या कामावर लागला, गोदामं राखायची, भाडी वसूल करायची, त्यातून त्याला जागांचा धंदा असा कळला की पुढे स्वतःच्या नावावर शांघायमधला सगळ्यात मोठा जमीनदार होऊन बसला. दुसरा एली कदूरी. डेव्हिडशेठ जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, पण पद्धत तीच चालू होती. हा पण बगदादचा, मुंबईमार्गे १८८० ला चीनच्या बाजूला ससूनांच्या पेढीत कारकून म्हणून गेला, काही दिवसांनी नोकरी सुटली, आणि आज हाँगकाँगची वीज कंपनी आणि पेनिन्सुला हॉटेल ज्या घराण्याच्या हातात आहे ते त्याचंच घराणं. म्हणजे कारकून गेला आणि मालकाच्या तोडीचा झाला.

पण पुढचं ऐका. मुंबईत माझगावला एक शाळा आहे, १८७५ साली बेने इस्राएल मंडळींनी काढलेली. बेने इस्राएल म्हणजे आपले कोकणातले ज्यू, अलिबाग-रेवदंड्याकडचे, घरात मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद म्हणून गावात शनिवार तेली. त्या शाळेला पुढे पैशाची चणचण होती आणि मोठी देणगी आली ती याच एली कदूरीकडून, म्हणून आज तिचं नाव सर एली कदूरी शाळा. ज्या पोराला ससूनांच्या पेढीने कारकुनी शिकवली त्याने शांघाय-हाँगकाँगात कमावलं आणि त्यातला वाटा मराठी बोलणाऱ्या पोरांच्या शाळेला आला. हे कुठल्या खतावणीत कुणाच्या नावे टाकणार सांगा? मला तरी खातं सापडत नाही. पण जमा झालंय हे नक्की.

आणि शिकवण्याचा नाद फक्त आपल्या जातीपुरता नव्हता. काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आहे, पिवळट मालाड दगडाची, सगळे बाहेरून फोटो काढतात. आत जाऊन बघा एकदा, वर गॅलरीत त्या लांब हातांच्या आरामखुर्च्या आणि खाली म्हाताऱ्याचा संगमरवरी पुतळा, झगा-पागोट्यासकट. ही लायब्ररी मुळात साहेबांसाठी नव्हतीच. १८४७ ला टांकसाळीत आणि गोदीत काम करणाऱ्या मेकॅनिक पोरांनी, कामगारच ते, व्याख्यानं आणि पुस्तकांसाठी मंडळ काढलं होतं, आणि त्यांच्या इमारतीला ससूनशेठनी साठ हजार रुपये दिले. त्या काळचे साठ हजार! माहीमला १८५७ पासून मुलांची सुधारशाळा, पोलिसांनी धरलेल्या पोरांना तुरुंगात टाकण्यापेक्षा हातात हत्यार द्या, सुतारकाम, लोहारकाम शिकवा, ती डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल अजून चालू आहे. आपल्या पुण्यात नवी पेठेत निवारा वृद्धाश्रम, तिथल्या हॉलमध्ये तुम्ही सगळे कुठल्या ना कुठल्या सभेला जाऊन आलात, त्या संस्थेचं मूळ नाव काय माहितीय? डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह. बोर्डावर लिहिलंय, आपण वाचत नाही.

ससून हॉस्पिटलचं तर विचारूच नका. १८६७ ला इमारत झाली तेव्हा १४४ पेशंटची सोय, आज हजाराच्या वर खाटा. १९२४ च्या जानेवारीत गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन इथेच झालं, कर्नल मॅडॉकने केलं, मधेच लाईट गेले आणि कंदिलाच्या उजेडात उरकलं. गोरगरीब सातारा-नगरपासून अजून इथेच येतो. आणि ज्या माणसाने पैसे दिले त्याने ही इमारत पूर्ण झालेली बघितलीच नाही, १८६४ च्या ७ नोव्हेंबरला पुण्यात आपल्या बंगल्यात ते गेले. कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, तेही त्यांनीच सुरू केलेलं, तेही १८६७ लाच पुरं झालं. त्याच्या आवारात शेजारीच त्यांची समाधी आहे. हल्ली सुरक्षेमुळे सहज आत सोडत नाहीत, पण रस्त्यावरून तो विटांचा उंच मनोरा आणि घड्याळ दिसतं, तुम्ही रोज गाडीतून जाता तिथून.

पैसे काढायची पद्धत सांगतो, ती मला दिवाणजी म्हणून फार आवडली. नफा झाला तर वर्षाखेरीला बघू, असं नाही. प्रत्येक सौद्यावर शेकडा पाव टक्का, म्हणजे शंभराला चार आणे, वहीतच वेगळे, धर्मासाठी. सौदा तोट्यात गेला तरी. आता तुम्ही म्हणाल यात नवीन काय, धर्मादा आपल्या बाजारातही पिढ्यान् पिढ्या आहे. आहे ना! पण तो कुणाच्या खिशातून जातो हे मी तीस वर्षं वहीत लिहिलंय. गिऱ्हाइकाच्या बिलात पोत्यामागे अमुक पैसे धर्मादा लावायचा, तो साठवायचा, आणि मग त्या पैशातून गावच्या देवळाला पंखा देऊन पंख्याच्या तिन्ही पात्यांवर स्वतःचं आणि आईवडलांचं नाव. शाब्बास. काही पेढ्या अगदी चोख आहेत, धर्माद्याचं खातं वेगळं, पै अन् पै पोचवतात, त्यांची माफी मागून बाकीच्यांना म्हणतोय.

आता जे झाकून चालणार नाही ते. ससूनांच्या पैशात अफू होती. थोडीथोडकी नाही, भरपूर. माळव्यात पिकायची, मुंबईहून जहाजाने चीनला जायची, शेतकऱ्याला पिकाआधीच उचल देऊन माल बांधून घ्यायची आयडिया ससूनांनी चांगली वापरली आणि अफूच्या व्यापारात बाकीच्यांना मागे टाकलं. तो धंदा तेव्हा सरकारमान्य होता, इंग्रज सरकारच त्याच्यावर गब्बर होत होतं, मुंबईतले मोठमोठे पारशी, गुजराती, मारवाडी शेठही त्यात होते, हे सगळं खरं. पण चीनमधली घरंच्या घरं त्यात बसली हेही तितकंच खरं, आणि १८९० च्या दशकात लोक विरोधात बोलायला लागले तेव्हाही घराण्याने धंद्याचीच बाजू घेतली. हॉस्पिटल बांधलं म्हणून अफू धुऊन निघत नाही, आणि अफू होती म्हणून हॉस्पिटलात वाचलेला माणूस खोटा ठरत नाही. मला दोन्ही आकडे एकाच पानावर हवेत, डावीकडे हे, उजवीकडे ते. गुटख्याच्या पैशाचे मांडव आपण सगळ्यांनी बघितलेत, त्या मांडवात पहिल्या रांगेत बसलोयही, त्यामुळे ससूनांना नावं ठेवताना जरा आवाज खाली ठेवलेला बरा.

आणखी एक, म्हणजे देवमाणूस करून ठेवायला नको. हे बगदादी ज्यू श्रीमंत आणि गोरेपणाचा अभिमान असलेले, आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांना ते बरोबरीचं मानायचे नाहीत, १८३६ ला तर मुंबईच्या ज्यू दफनभूमीत दोघांच्या मधे भिंत हवी म्हणून बगदादी मंडळींनी अर्ज केला होता. एकाच देवाचे, एकाच पुस्तकाचे लोक, आणि मेल्यावरही भिंत. आपल्याला हे समजवून सांगायची गरज नाही. गंमत म्हणजे पुढे नातवाच्या नावाने भायखळ्याला जी जेकब ससून शाळा निघाली तिच्यात बाकांवर बसून शिकलेली पोरं मोठ्या संख्येने बेने इस्राएलच होती.

१८५७ च्या उठावात ससूनशेठनी इंग्रजांच्या बाजूने उभं राहायची तयारी दाखवली हेही सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी मला कळवेलच.

घराचं पुढे काय झालं? जे सगळ्यांच्या घरी होतं तेच. बाप गेल्यावर मुख्य गादी थोरल्या अब्दुल्लाकडे, ज्याने चीनमध्ये हाडं झिजवली तो इलियास नाराज, तीन वर्षांत, १८६७ ला, वेगळा झाला आणि ई. डी. ससून नावाने समोरासमोर धंदा. अब्दुल्लाने आल्बर्ट असं साहेबी नाव घेतलं, कुलाब्याला १८७५ चा ससून डॉक त्याचा, जिथे पहाटे कोळणींचा बाजार भरतो तो, आणि काळा घोडा म्हणतात तो मूळचा पुतळाही त्यानेच दिलेला. मग तो लंडनला गेला, बाकीचे भाऊ गेले, राजघराण्यात ऊठबस, शिकार, बंगले. नातवंडांना वही नको झाली. मुंबईची पेढी शेवटी कुणी सांभाळली तर एका सुनेने! फ्लोरा ससून, डेव्हिडशेठच्या धाकट्या मुलांपैकी एकाची, सॉलोमनची बायको, नवरा १८९४ ला गेला आणि पोरं लहान असताना ही बाई पेढीचा कारभार बघायला लागली, त्या काळात, पुरुषांच्या बाजारात. मुंबईत प्लेग आणि कॉलरा असताना हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाच्या लशीला लोक घाबरत होते तर हिने स्वतः टोचून घेऊन दाखवली. १९०१ ला तीही लंडनला गेली आणि इथला जीव गेला म्हणायचा धंद्यातला. ज्या शेठ लोकांच्या सुना सीए होऊन घरी पापड मोजतायत त्यांनी हा पॅरा दोनदा वाचा.

तर मागणं काय आहे माझं. ससूनशेठचा पुतळा उभारा, चौकाला नाव द्या, असलं काही नाही, हॉस्पिटलला आहे ते पुष्कळ झालं. माझं म्हणणं असं की तुमच्या प्रत्येकाच्या दुकानात, गाळ्यावर, गोडाऊनला, दोन-चार पोरं अशी आहेत की ज्यांना आकडा दिसतो. तुम्हालाही माहितीय ती कोण आहेत, कारण काही अडलं की तुम्ही त्यांनाच हाक मारता. त्यांना हिशोब शिकू द्या. जमा-नावे, रोजमेळ, तेरीज, मग टॅली, जीएसटीचं रिटर्न, बँकेचं पत्र कसं लिहायचं, पार्टीशी फोनवर कसं बोलायचं. त्यातली निम्मी पळतील, चालतंय, एखादा समोर गाळाही टाकेल, टाकू दे, तुमच्याकडून शिकलाय म्हणजे उधारी तरी नीट देईल.

शिकवायला मी आहे. माझ्यासारखे आणखी दोघं-तिघं रिटायर दिवाणजी तयार आहेत, बोलून ठेवलंय, फी कुणी घेणार नाही. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी दोन तास. तुमच्याकडून पाहिजे ती एक खोली, संघटनेच्या ऑफिसचा वरचा हॉल आठवडाभर रिकामाच असतो, एक फळा, दोन जुने कॉम्प्युटर जे तुम्ही असेही भंगारात देणार आहात, आणि पोरांना त्या दिवशी गाडी खाली करायला बोलावणार नाही असा शब्द. खर्चाला धर्माद्याचं खातं आहेच, शंभराला चार आणे जरी खरोखर निघाले तरी वह्या-पेनं सुटतील आणि चहासुद्धा. दिवाळीच्या पाडव्याला नवी वही उघडाल तेव्हा पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहून झालं की आपल्या दुकानातल्या पोरांची नावं एका चिठ्ठीवर लिहा आणि संघटनेच्या ऑफिसात द्या, दिवाळीनंतरच्या पहिल्या सुट्टीला आम्ही तिथे येऊन बसतो.

कळावे,
तुमचाच,
एक रिटायर दिवाणजी, पुणे